तीनशेपर्यंतची शिडी

पुण्यात मी ज्या क्लिनिकला जाते तिथे भिंतीवर एक लाकडी पट्टी ठोकलेली आहे. लांबी साडेचार फूट, खालपासून वरपर्यंत खाचा. तिला शिडी म्हणतात. खांदा आखडलेल्या माणसानं भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं, तर्जनी खालच्या खाचेत ठेवायची, मधलं बोट तिच्या वरच्या खाचेत, आणि बोटांनी पावलं टाकत जमेल तितकं वर जायचं. दुखेल तिथे थांबून दहा आकडे मोजायचे, मग उतरायचं. माझा उजवा खांदा दिवाळीपासून आखडला आहे. पहिल्या दिवशी मी नवव्या खाचेवर थांबले आणि शिडीच्या दोन्ही बाजूंना पाहत राहिले. तिथे काही नव्हतं. नुकताच रंग दिलेली पांढरी भिंत.

"काही हवंय का मॅडम?" थेरपिस्ट मुलीनं विचारलं.

नाही म्हटलं. खरं तर मला तिथे एक माणूस हवा होता. ओठ मिटलेला, उजवा हात डोक्यामागे नेलेला, अडीच इंच बाय साडेतीन इंच.

सौदीतल्या धाहरानच्या शिडीला असा शेजार होता. बाबा तिथे तेलकंपनीच्या हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट होते. आम्ही शेजारच्या खोबरला राहायचो, बाजारामागच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर, आणि बाबा सकाळी सहाच्या कंपनीच्या बसनं कामावर जायचे. त्यांच्या विभागाचा वास अजून सांगता येतो. मेणाच्या कढईत बोटं बुडवून घेणाऱ्यांमुळे वितळलेल्या मेणाचा, गरम ओल्या टॉवेलांच्या वाफेचा, पुसलेल्या खाटांच्या स्पिरिटचा, आणि या सगळ्यावरून जाणारा वेलदोड्याच्या कॉफीचा. कॉफीची किटली कोपऱ्यात असायची आणि ती रिकामी झालेली कुणी पाहिली नव्हती. हा वास बाबांच्या शर्टांना लागून घरी यायचा. आई म्हणायची, "हॉस्पिटलात जाता की हळदीकुंकवाला?"

बाबांना बेसबॉलमधलं काही कळत नव्हतं. ते सांगलीचे. कॉलेजात क्रिकेट खेळलेले, तेही यष्टिरक्षक म्हणून. बेसबॉल त्यांच्याकडे एका खांद्यातून आला. तो खांदा वॉल्टरचा.

वॉल्टर पाइपलाइनच्या तपासणीवर होता. अमेरिकन, साठीला टेकलेला, दाराएवढा रुंद, आणि त्याचा उजवा हात छातीच्या वर जात नव्हता. बाबांनी पहिल्या दिवशी नेहमीचा प्रश्न विचारला, की हा हात पूर्ण वर शेवटचा कधी गेला होता. वॉल्टर म्हणाला, कॉलेजात, चेंडू फेकताना. तो पिचर होता. म्हणजे बेसबॉलमध्ये फलंदाजाकडे चेंडू फेकणारा. बाबांना ती फेक कळेना, म्हणून दुसऱ्या दिवशी वॉल्टर जाड पारदर्शक डबीत बंद केलेलं एक कार्ड घेऊन आला. कार्डावर एका नामवंत पिचरचा फोटो होता. हात मागे गेलेला, कोपर खांद्याच्या रेषेत, मनगट जवळजवळ पाठीला लागलेलं.

बाबांनी चष्मा वर करून ते कार्ड बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, "हा खांदा पस्तिशीत संपणार."

"तो आता चाळीसचा आहे," वॉल्टर म्हणाला. "मध्ये एकदा ऑपरेशन झालं. अजून दर पाचव्या दिवशी फेकतो."

बाबांचा अंदाज चुकला होता, आणि चुकलेला अंदाज त्यांना सोडवेना. वॉल्टरकडे त्या कार्डाची जोड होती, म्हणून त्यानं ते देऊन टाकलं. संग्रहाची सुरुवात अशी झाली.

त्या पिचरचं नाव आमच्या घरात कुणी घेतलं नाही. त्याला अण्णा म्हणायचे. हे नाव आईनं ठेवलं. कार्ड पहिल्यांदा घरी आलं तेव्हा ती म्हणाली, "पंगत उशिरा बसली की मिरजेचे अण्णा अस्सेच बसतात." मिरजेचे अण्णा तिचे थोरले काका. पुढे आलेल्या प्रत्येक कार्डावर त्या माणसाचा चेहरा तसाच होता. संघ बदलला, टोपी बदलली, मिशी आली आणि गेली, पंगत काही बसली नाही.

गुरुवारी सुट्टी असायची. कंपनीच्या कॅम्पमध्ये देश सोडून निघालेली कुटुंबं त्या दिवशी घरासमोर टेबलं मांडून सामान विकायची. त्या वर्षांत असे सेल पुष्कळ झाले. सौदीकरणाच्या, म्हणजे परदेशी माणसांच्या जागी सौदी नेमण्याच्या, बातम्या वर्तमानपत्रात रोज असत, बसमध्ये त्यांच्यावर चर्चा असे, आणि दर महिन्याला आणखी एखाद्या दारासमोर टेबल लागलेलं दिसे. पडद्यांच्या दांड्या, मुलांच्या सायकली, केक भाजायचे साचे, एका पायावर उभा राहणारा पंखा. आणि टेबलाखाली पुठ्ठ्याची खोकी. मुलं मोठी होऊन अमेरिकेला शिकायला गेलेली, त्यांची कार्डं मागे राहिलेली.

खोकं उघडलं की गुलाबी च्युइंगमचा वास यायचा. जुन्या कार्डांच्या पाकिटात कधीकाळी च्युइंगमची पट्टी असायची. ती नसली तरी तिची पांढरी भुकटी कार्डांच्या कडांना चिकटून असे. मी फरशीवर मांडी घालून बसायचे आणि बाबा शेजारी उकिडवे. ते उजवं खोकं घ्यायचे, मी डावं. वाळूचा वारा सुटलेला असला तर कार्डांवर तळहात दाबून धरावा लागे. आई थोडी दूर, सावलीत, दुसऱ्या कुणाची तरी कढई न्याहाळत उभी. ती मराठीत विचारायची, "मिळाले का?" मी इंग्रजीत उत्तर द्यायचे. बाबा दोन्हीत काही बोलत नसत. मिळालं की फक्त कार्ड वर धरायचे, पंचासारखं.

प्रत्येक हंगामाचं एक कार्ड निघतं. अण्णांचे अठरा हंगाम झाले होते, एकोणिसावा चालू होता. मागच्या बाजूला बारीक अक्षरात त्यांचे विजय छापलेले. बेसबॉलमध्ये सामना संघ जिंकतो, पण विजय एका पिचरच्या नावावर लावला जातो. चांगल्या पिचरच्या नावावर कारकिर्दीअखेर दीडशे लागले तरी लोक टोपी काढतात. अण्णांना त्या वसंतात पाच हवे होते. पाच झाले की तीनशे.

त्याच वसंतात बाबांना पत्र आलं. त्यांच्या जागेवर सौदी उमेदवार नेमला जाणार होता. त्याला शिकवून तयार करायचं आणि जुलैअखेर फायनल एक्झिट. म्हणजे इकामा, राहण्याचा परवाना, परत करायचा आणि कायमचं निघायचं. घरी यावर काय बोलणं झालं ते मला आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की बाबांनी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर जुलैच्या शेवटच्या आठवड्याभोवती चौकट काढली आणि मग मागे येत येत दर पाचव्या दिवसावर पेन्सिलीनं टिंब दिलं. अण्णांच्या पाळ्या. चौकटीपर्यंत पुष्कळ टिंबं होती. "होतील," ते म्हणाले. "पाच म्हणजे काय. शिडी पुरी करून, तीनशे साजरे करून जाऊ."

शिडी पुरी करणं म्हणजे काय ते सांगायला हवं. विभागातल्या भिंतीवर पुण्यातल्यासारखीच पट्टी होती. खांद्याच्या रोग्यांना तिचा कंटाळा. सहाव्या खाचेला हात पोचला काय आणि सातव्या, लाकूड ते लाकूड. बाबांनी ठरवलं, की शिडीच्या दोन्ही बाजूंना अण्णांची कार्डं लावायची, आलटूनपालटून. खाली पहिला हंगाम, वर अठरावा. सगळ्यात वर एक जागा रिकामी, तीनशेव्या विजयाचं खास कार्ड निघेल त्यासाठी. रोग्याला सांगायचं, आज तुम्ही अण्णांच्या बाराव्या हंगामापर्यंत आलात, ऑपरेशनच्या वर्षाच्या पुढे.

फक्त हॉस्पिटलचा नियम असा, की उपचाराच्या खोलीत भिंतीवर जे लावाल ते स्पिरिटनं पुसता आलं पाहिजे. बाबांना यात अडचण दिसली नाही. आमच्या घरात जे जपायचं ते लॅमिनेट करायचं, हा रिवाजच होता. बाबांची पदवी लॅमिनेट केलेली होती, माझा जन्मदाखला, देवीच्या लसीचा कागद, इकाम्याची झेरॉक्स, नरसोबाच्या वाडीचा अंगारा लावलेला फोटोसुद्धा. खोबरच्या प्रत्येक झेरॉक्सच्या दुकानात ते गरम यंत्र असायचं आणि त्याच्यासमोर इथून तिथून आपलीच माणसं. कागद हरवला तर माणूस हरवला, अशा देशात राहिलेल्यांना हे समजावून सांगावं लागत नाही.

तेव्हा एका बुधवारी काम संपल्यावर बाबांनी विभागाच्या यंत्रातून चौदा कार्डं काढली. कडा कापल्या, कोपरे गोल केले, भिंतीवर लावली.

पुढचा प्रसंग शनिवारी सकाळचा. मी तिथे नव्हते. बाबांनी तो त्याच दिवशी जेवताना सांगितला आणि फहदनं काही आठवड्यांनी पुन्हा सांगितला. फहद म्हणजे बाबांच्या जागेवर नेमलेला सौदी तरुण. अमेरिकेत शिकून आलेला, सव्वीस वर्षांचा, हसरा, बाबांना उस्ताद म्हणायचा. दोघांच्या सांगण्यात तपशील थोडे वेगळे आहेत, पण मुख्य गोष्टीत फरक नाही.

वॉल्टर आत आला, भिंतीपाशी गेला आणि थांबला. त्यानं नखानं एका कार्डाची कड खरवडून पाहिली. मग दुसऱ्याची.

"हे तू काय केलंस?"

"लॅमिनेट केलं," बाबा म्हणाले. "आता खराब होणार नाहीत."

वॉल्टरनं दोन्ही हात डोक्याला लावले. दोन्ही. उजवा हात, जो कित्येक महिने छातीच्या वर गेला नव्हता, तो कपाळापर्यंत गेला आणि तिथेच राहिला. फहदच्या म्हणण्याप्रमाणे बाबा सरळ टेबलाकडे गेले, कोन मोजायची पट्टी घेऊन आले आणि वॉल्टरच्या काखेत लावली.

"एकशे दहा अंश," बाबा म्हणाले. "मागच्या आठवड्यात पंचाण्णव होता."

वॉल्टरनं त्या दिवशी व्यायाम केला नाही. तो बसला आणि त्यानं समजावलं. कार्ड जमवणारा माणूस कार्डाला घाम लागू देत नाही, ऊन लागू देत नाही. गरम प्लास्टिकमध्ये दाबलेलं कार्ड हे कार्डच राहत नाही. ही चौदा आता मेली. त्याच्याकडे अण्णांचं पहिल्या हंगामाचं कार्ड होतं, सगळ्यात दुर्मीळ. त्याचा खांदा बरा झाला की ते तो बाबांना देणार होता, हेही त्यानं तेव्हाच सांगितलं. आता देणार नाही, हेही. असलं यंत्र बाळगणाऱ्या माणसाला तर नाहीच.

"मी जपायला गेलो हो," बाबा जेवताना म्हणाले.

"जपलंतच," आई म्हणाली. "त्याचं काय ऐकता. त्याची कार्डं कपाटात अंधारात बसतात, कुणी बघायचं नाही, हात लावायचा नाही. त्यापेक्षा मेलेली बरी."

तरी बाबांना लागलं होतं. शिडीचा पाया रिकामा राहणार होता. उरलेली तीन कार्डं पुढच्या दोन महिन्यांत मिळाली. दोन सेलमध्ये, एक फहदच्या अमेरिकेहून आलेल्या पेटीत. तो ज्या शहरात शिकला तिथे अण्णा चार वर्षं खेळले होते, आणि फहदनं त्यांना प्रत्यक्ष पाहिलं होतं. हे त्यानं इतके दिवस सांगितलं नव्हतं.

"का नाही बोललास?" बाबांनी विचारलं.

"उस्ताद, तुम्ही इतकं छान समजावता. मध्ये कसं बोलू?"

फहदचा डबा आमच्या घरून जायला लागला. आईनं आधी एकदा म्हणून घेतलं, "तुमची खुर्ची घ्यायला आलाय आणि त्याला थालीपीठ?" मग थालीपिठाला लोणी जास्त लावलं. डबा परत येताना कधी रिकामा आला नाही. खजूर यायचे, त्याच्या आईनं केलेल्या तिळाच्या वड्या यायच्या, एकदा हरणाच्या आकाराची साबणवडी आली, ती कुणी वापरली नाही. आमच्यासाठी त्या उन्हाळ्याचा वास त्या डब्याचा आहे. झाकण उघडलं की लोणी आणि खजूर एकदम.

आणि भिंत चालू लागली होती. मेलेल्या कार्डांना दिवसाला वीस-पंचवीस माणसं हात लावायची. तेलविहिरींवरचे कामगार, जुबैलहून पाळी संपवून येणारे वेल्डर, खांदा निखळलेला एक फिलिपिनो शिपाई. हफ्र अल बातिनहून मुलाकडे राहायला आलेले एक वृद्ध गृहस्थ रोज यायचे. त्यांना बेसबॉल म्हणजे काय हे मरेपर्यंत कुणी सांगितलं नसतं तरी चाललं असतं. ते दारातून आत येताच भिंतीकडे हनुवटी करून फहदला विचारायचे, "फाज?" म्हणजे, जिंकला का. फहद हो किंवा नाही म्हणायचा. हो असेल तर ते एक खाच जास्त चढायचे.

निकाल सकाळी यायचा. अमेरिकेत सामना संपेपर्यंत इथे उजाडलेलं असे, आणि कंपनीच्या बसमध्ये कुणा ना कुणाला कळलेलं असे. बाबा बसमधून उतरून विभागात पोचले की आधी घरी फोन करायचे. आई उचलायची. ती "हॅलो" म्हणत नसे, "बोला" म्हणत असे. बाबा म्हणायचे, "दोनशे सत्त्याण्णव." झालं. फोन बंद.

वॉल्टर येत राहिला. कार्डांवर बोलत नसे. चढत असे. बाबा कोन मोजायचे, तो आकडा विचारायचा, बाबा सांगायचे. जूनअखेर तो चौदाव्या हंगामावर होता. अण्णा दोनशे अठ्ठ्याण्णववर. जुलैच्या पहिल्या आठवड्यात अण्णा दोनशे नव्व्याण्णववर गेले आणि घरात आईनं शेंगदाणे भाजायला घेतले. तिनं ठरवलं होतं, तीनशेव्याला सगळ्या विभागाला शेंगांच्या पोळ्या.

त्यानंतर अण्णा हरले. पुन्हा हरले. मग एक सामना पावसानं वाहून गेला. कॅलेंडरवर पेन्सिलीची टिंबं चौकटीला येऊन भिडली. आता एकच उरलं होतं, बाबांच्या कामाच्या शेवटच्या दिवसाचं. घरात अर्धी खोकी बांधून झाली होती, पडदे उतरले होते, आणि पडद्यांशिवाय त्या खोल्यांतला उजेड परका वाटायचा.

"थांबायचं का चार दिवस?" आईनं विचारलं.

"व्हिसा अण्णांना विचारून देत नाहीत," बाबा म्हणाले.

आदल्या दिवशी वॉल्टर त्याच्या वेळेच्या आधी आला. त्यानं ती जाड पारदर्शक डबी टेबलावर ठेवली, स्क्रू काढले आणि कार्ड बाहेर घेतलं. पहिला हंगाम. त्या कार्डावर अण्णा बावीस वर्षांचे होते. चेहरा तोच.

"माझं मन बदलायच्या आत यंत्र सुरू कर," तो म्हणाला.

बाबा तयार होईनात. असंच लावू, म्हणाले, नुसतं डबीत घालून. मरायला नको.

"असंच लावलं तर आठवड्यात घामानं जाईल," वॉल्टर म्हणाला. "चार महिने मी बघतोय. तो म्हातारा रोज त्याच्याशी बोलतो. माझ्या कपाटात याच्याशी कुणी बोललेलं नाही."

शेवटी कार्ड यंत्रात वॉल्टरनं स्वतः घातलं. फहद सांगतो की ते दुसऱ्या बाजूनं बाहेर येईपर्यंत तो दुसरीकडे बघत होता.

शेवटच्या दिवशी आई आणि मी पोळ्या घेऊन विभागात गेलो. आईनं त्या पहाटेच केल्या होत्या, निकाल कळायच्या आधी. "जिंकला तर पोळ्या आणि हरला तर उपास, असं कुठं असतं?" ती म्हणाली होती. खोलीत गर्दी होती. मी ती भिंत पहिल्यांदाच पूर्ण लागलेली पाहिली, खालपासून वरपर्यंत अठरा अण्णा. वरची जागा रिकामी.

निकाल बसमध्येच कळला होता. अण्णांनी सात डाव सुरेख फेक केली होती. संघ पुढे होता. मग ते दमले, त्यांच्या जागी ताज्या दमाचा दुसरा पिचर आला आणि त्यानं आघाडी घालवली. अशा वेळी विजय कुणाच्याच नावावर लागत नाही. दोनशे नव्व्याण्णव ते दोनशे नव्व्याण्णव.

हफ्रचे गृहस्थ आले. "फाज?"

"ला," फहद म्हणाला. नाही.

"मग पाचव्या दिवशी, इन्शाअल्ला," ते म्हणाले, आणि त्यांनी पोळी उचलली. दुसरी रुमालात बांधून घेतली.

पोळ्या संपल्या. बाबांनी आपला पांढरा कोट खुंटीवरून काढला, घडी घातली. फहद पुढे आला. त्यानं कोन मोजायची पट्टी बाबांच्या हातातून घेतली.

"मी घालवणार नाही, उस्ताद," तो म्हणाला.

बाकी कुणाला कळलं नाही की तो कशाबद्दल बोलतोय. बाबांना कळलं.

"घालवलंस तरी मला फोन कर," ते म्हणाले.

पुण्याची थेरपिस्ट मुलगी परवा म्हणाली, तुम्ही व्यायाम करताना हसता, बाकीचे रडतात. मी तेराव्या खाचेवर होते. बाबांना हे फोनवर सांगितलं. ते सत्तरी ओलांडून गेले आहेत आणि सांगलीत अजून दोन तास रोगी बघतात. म्हणाले, "तेरावा म्हणजे ऑपरेशननंतरचा. तिथे घाई करायची नाही. अण्णांनीही केली नव्हती."

त्या जुलैअखेर आम्ही सांगलीला आलो. पाचवा दिवस उजाडला तेव्हा घरात फोन लागायचा होता आणि सामान अजून बोटीवर होतं. सांगलीच्या कुठल्याही वर्तमानपत्रात अण्णा नव्हते. दहा वाजता, म्हणजे धाहरानला साडेसात, बाबा मला घेऊन कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवर गेले. रांग होती. आमच्या मागे जवळच्या तालमीचे वस्ताद उभे होते, सत्तरीचे, कान मोडलेले, धोतराचा सोगा हातात. त्यांना पुण्याच्या नातवाला फोन करायचा होता.

बूथचं दार बंद होत नव्हतं, त्यामुळे रांगेला सगळं ऐकू येत होतं. मीही दारात उभी राहून ऐकलं.

"फिजिओथेरपी, फहद," पलीकडून आवाज आला. आजवर तिथे "फिजिओथेरपी" म्हटल्यावर बाबांचं नाव यायचं.

"फाज?" बाबांनी विचारलं.

उत्तराआधी गोंगाट आला. मग फहद ओरडून सांगू लागला. जिंकले. शेवटपर्यंत अण्णा स्वतःच फेकत राहिले, कुणाला जागा दिलीच नाही. हफ्रचे गृहस्थ किटली घेऊन सगळ्यांना कॉफी वाढतायत. वॉल्टर सगळ्यात वरच्या खाचेवर बोट ठेवून उभा आहे, खाली यायला तयार नाही. खास कार्ड येईपर्यंत ती जागा रिकामी ठेवायची नाही म्हणतो.

"किती वेळ झाला?"

"वीस मिनिटं, उस्ताद. बाकीचे रोगी खोळंबलेत."

"हात बदलू दे त्याला," बाबा म्हणाले. "पण उतरवू नकोस."

त्यांनी फोन ठेवला आणि बाहेर आले. सांगलीत भर रस्त्यावर उभ्या असलेल्या माणसाकडे एवढी मोठी बातमी होती आणि ती सांगायला कुणी नव्हतं. दूधवाला सायकलवरून गेला. बूथवाला मीटरची पट्टी फाडत होता.

"काय वो," वस्ताद म्हणाले, "घरात बाळ झालं का काय?"

"नाही. एक जण आहे, तीनशेवी जिंकला."

"कुस्ती?"

बाबांनी जरा विचार केला. "तसलंच."

"आन् हरला किती?"

"दोनशेच्या वर."

वस्तादांनी मान डोलावली. नातवाचा नंबर लिहिलेली चिठ्ठी त्यांनी खिशात परत ठेवली.

"मग गडी खरा हाय," ते म्हणाले. "नुसत्या जिंकलेल्या सांगणारे लई बघितले. पेढं आणा."

समोरच हलवाई होता. बाबा गेले आणि ताजे, अजून ऊन असलेले पेढे घेऊन आले. पहिला वस्तादांना दिला, दुसरा बूथवाल्याला, मग रांगेला. रांगेत अकरा माणसं होती. सगळ्यांनी पेढा घेतला, दोघांनी कपाळाला लावून घेतला. खेळ कोणता, हे एकानंही विचारलं नाही.